दारू सुटावी, देव्हारा का सुटावा?

बुलढाणा जिल्ह्यातील कोणतेही एक गाव डोळ्यांसमोर आणावे. सोयाबीनचे पैसे हाती पडताच दारूच्या दुकानाकडे वळतात, बायको रोजंदारीला जाते, मुलाची शाळा सुटते, भाऊबंद दार लावून घेतात. अशा घरी एके दिवशी पास्टर येतो. ओसरीवर बसतो, त्या माणसाची विचारपूस करतो, प्रार्थनासभेला बोलावतो आणि तो आला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. काही महिन्यांनी दारू सुटते. त्याच सुमारास देव्हाऱ्यातील गजानन महाराजांची तसबीर घराबाहेर गेल्याचे गावाच्या ध्यानात येते, आणि इतके दिवस ज्या गावाला त्या घराची आठवण झाली नाही, ते गाव त्या दिवशी खडबडून जागे होते.

दारू सुटली हे खोटे, सगळे पैशांचे नाटक आहे, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे, पण ते सत्य नाही. ‘माझ्याने होत नाही, आता तूच सांभाळ’ असे ईश्वरापुढे मोकळेपणाने म्हणणाऱ्या माणसाच्या अंगी नवे बळ येते, हा अनुभव जगभरचा आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे विल्यम विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. रॉबर्ट स्मिथ हा शल्यचिकित्सक, असे दोन मद्यपी एकमेकांच्या आधाराने सावरले. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची चळवळ त्यातून उभी राहिली. तिचे मूळ फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत होते. परंतु १९३९ साली आपले बारा टप्पे ग्रंथरूपाने मांडताना त्यांनी ईश्वराची व्याख्या प्रत्येकाच्या समजुतीवर सोपवली. व्यसनापुढची हतबलता कबूल करावी, आपल्याहून श्रेष्ठ शक्तीच्या स्वाधीन व्हावे, झालेल्या चुकांची भरपाई करावी आणि दुसऱ्या व्यसनीला हात द्यावा, एवढेच त्यांचे मागणे. याउलट, १९५८ साली न्यूयॉर्कच्या टोळीबाज तरुणांमध्ये काम सुरू करणारे डेव्हिड विल्करसन आणि त्यांची टीन चॅलेंज ही संस्था यांनी ख्रिस्तश्रद्धा हाच उपचाराचा पाया मानला. पहिली वाट सर्व धर्मांच्या माणसांना खुली राहिली, दुसरी एकाच देवळाच्या दारात जाऊन थांबते.

या शरणागतीत हिंदू मनाला परके असे काय आहे? गीतेने अठराव्या अध्यायाच्या अखेरीस तीच सांगितली. देवाला ‘पतितपावन’ म्हणणाऱ्या वारकऱ्यांनी पतितासाठीच पंढरीची वाट मोकळी ठेवली. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मांस सुटते, एकादशी आणि वारी अंगाला लागते. शपथ, सोबत, नित्यनेम आणि वर्षातून एकदा सर्वांसमक्ष हजेरी, म्हणजे व्यसनमुक्तीच्या शास्त्राला जे जे हवे ते सारे त्या एका माळेत आहे.

वऱ्हाडाला तर हे शिकवण्याचीही गरज नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर या मुलाचे वडील दारूपायी गेले. मोठेपणी मुलीच्या बारशाला दारू आणि मांसाचे जेवण घालण्याची जातीची रीत त्याने मोडली आणि गोडधोड वाढले. तोच पुढे गाडगेबाबा झाला. गोधडी पांघरून, हातात खराटा घेऊन तो गावोगाव फिरला आणि कीर्तनात शेकडो लोकांसमोर दारुड्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढत राहिला. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच काम केले. मेहकर तालुक्यात हिवरा येथे शुकदास महाराजांनी विवेकानंदांच्या नावाने आश्रम उभारला आणि रुग्णसेवेला साधनेचे स्थान दिले. शेगावहून दरवर्षी पायी पंढरपूरला पालखी जाते. एवढा वारसा असलेल्या जिल्ह्यात व्यसनी माणसाच्या घरचा उंबरठा ओलांडायला बाहेरचा माणूस लागत असेल, तर दोष बाहेरच्याचा किती आणि घरच्यांचा किती, याचा हिशेब मांडायला हवा. (महाराजांच्या चिलमीचा दाखला देत गांजा ओढणारेही याच जिल्ह्यात भेटतात. त्यांना चिलीम दिसते, वैराग्य दिसत नाही.)

प्रौढ माणसाने विचारपूर्वक कोणता देव भजावा, हा त्याचा अधिकार आहे, घटनेच्या २५व्या कलमाने तो मान्य केला आहे. त्याच कलमातील प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. आक्षेप ख्रिस्तावर नाही आणि प्रार्थनेवरही नाही. आक्षेप वेळेवर आहे. ज्याचे हात थरथरत आहेत, ज्याची बायको कोणाचेही पाय धरायला तयार आहे, त्या घटकेला ‘जुने देव बाहेर काढा, तरच हे टिकेल’ असे सांगणे म्हणजे अगतिकतेचा लिलाव करणे होय. सेवेला अट घातली की तिचा व्यवहार होतो.

अटीवाचून हे काम होत नाही काय? याचे उत्तर एका ख्रिस्ती धर्मगुरूनेच दिले आहे. मुंबईचे फादर जो परेरा स्वतः मद्यपाशातून सुटले आणि १९८१ साली त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी योगासने आणि प्राणायाम उपचारात आणले. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फादर परेरांना आसनासाठी आपला ख्रिस्त सोडावा लागला नाही, मग चिखलीच्या शेतकऱ्याला दारूसाठी आपला विठ्ठल का सोडावा लागावा? पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने उभारलेल्या मुक्तांगणातही कोणाचे दैवत बदलले गेले नाही.

मात्र नुसत्या निषेधसभेने एकही बाटली फुटत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर कंप, भास, फिट्स येतात आणि प्रसंगी जीवही जातो. तिथे पास्टरची प्रार्थना पुरत नाही तशी बुवाची माळही पुरत नाही, आधी डॉक्टर लागतो. गावातील दुकान बंद करायचे तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते, म्हणजे मतदानाच्या दिवशी मजुरी बुडवून आलेल्या बायकांच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते. आणि उपचार घेऊन परतलेला माणूस पहिल्याच बाजाराच्या दिवशी जुन्या सोबत्यांना भेटतो. त्या दिवशी त्याच्याबरोबर बाजारात कोण जाणार, हरिपाठाला त्याच्या हाती टाळ कोण देणार, तो घसरला तर दुसऱ्या सकाळी न रागावता त्याच्या घरी कोण जाणार, ही नावे शाखेच्या आणि भजनी मंडळाच्या बैठकीत आजच लिहून घ्यावीत.