सहल युरोपची, पण पाहायचे काय?

गेल्या महिन्यात भर दुपारी आमच्या गांधीबागेतील दुकानी एक जरीकाम करणारे कारागीर आले. पंधरा-सोळा वर्षांपासून ते आमच्याकडून दुपट्टे नेतात आणि काम करून आणून देतात. हिशेब चोख. उचल त्यांनी आजवर दोनदाच मागितली, एकदा घराचे छप्पर बदलताना आणि एकदा घरच्यांच्या ऑपरेशनला. या खेपेस त्यांनी खिशातून शाळेची छापील नोटीस काढली. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी 'मध्य युरोप शैक्षणिक सहल', प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, दहा दिवस, खर्च माणशी पावणेतीन लाख रुपये. त्यांची मुलगी वर्गात पहिली येते. "सेठजी, पोरगी तोंडाने काही मागत नाही. पण हा कागद तिने आठ दिवस वहीत जपून ठेवला होता," एवढेच ते म्हणाले.

आम्ही नाही म्हटले. सहलीसाठी माणसाने कर्जात जाऊ नये, ही रक्कम मजुरीतून वळती करायची तर किती वर्षे लागतील, हे त्यांना समजावले, चहा पाजला. ते सलाम करून गेले. रात्री दुकान वाढवताना ती नोटीस गल्ल्याजवळच राहिलेली दिसली, तेव्हा आम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नदीतील बोटफेरी होती, राजवाडा होता, चॉकलेटचे दुकान होते, 'खरेदीसाठी मोकळा वेळ' दोन वेळा होता. शैक्षणिक म्हणावे असे एक संग्रहालय होते, तेही 'वेळ मिळाल्यास'.

वाचकहो, शाळेला नावे ठेवण्याआधी आम्ही आमची स्वतःची गोष्ट सांगतो. २०१२ च्या जानेवारीत आम्ही काही व्यापारी फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टील हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन पाहण्यास गेलो होतो. चादरी, पडदे, टॉवेल यांचा धंदा करणाऱ्याने आयुष्यात एकदा ते पाहावे. प्रदर्शन आटोपल्यावर एजंटने आम्हाला बसमध्ये घालून दोन दिवस प्रागला नेले. आम्ही जुने घड्याळ पाहिले, पुलावर फोटो काढले, काचेच्या दुकानात भाव करून पाहिला आणि परत आलो. त्या शहरापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आमच्या आजोबांच्या टोपीचे गाव आहे, हे आम्हाला पुढे कित्येक वर्षांनी कळले.

त्या गावाचे नाव स्त्राकोनित्से. आपल्या घराघरांतील जुन्या फोटोंत बुजुर्गांच्या डोक्यावर जी लाल, काळ्या गोंड्याची तुर्की टोपी दिसते, तिला कोणी रुमी टोपी म्हणतो, कोणी फेज. नाव तुर्कस्तानचे, पण एकोणिसाव्या शतकात या टोप्या फार मोठ्या संख्येने ऑस्ट्रियाच्या राज्यात, बोहेमियातील या छोट्या गावात तयार होत. लोकरीची टोपी विणायची, गरम पाण्यात मळून आटवायची, रंगवायची, साच्यावर चढवायची. तेथून ती इस्तंबूल, कैरो आणि पार हिंदुस्थानपर्यंत जात असे. विणणारे हात ख्रिस्ती, घालणारे डोके मुसलमान, आणि मधला नफा व्हिएन्नाच्या पेढ्यांचा! १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्यात सामील करून घेतला तेव्हा तुर्कस्तानच्या लोकांनी ऑस्ट्रियाच्या मालावर बहिष्कार टाकला आणि पहिला फटका या टोपीला बसला. पुढे १९२५ मध्ये तर खुद्द तुर्कस्ताननेच कायदा करून ती टोपी बंद केली.

आता व्यापाऱ्याने विचारायचा प्रश्न पुढचा आहे. गिऱ्हाईकच नाहीसे झाल्यावर त्या गावाने काय केले? लोकर मळण्याचा हुनर हाती होता. त्यांनी दुसऱ्या घाटाच्या टोप्या काढल्या, बेरे काढल्या आणि काळ बदलला तेव्हा मोटारींच्या आसनांचे कापड विणले. माल बदलला, हात तेच. आमच्या मोमिनपुऱ्यात आणि कामठीत हातमाग थांबले तेव्हा असा विचार कितीशा दुकानदारांनी केला? आम्ही केला नाही, हे कबूल करतो. विणकर रिक्षा ओढायला गेला आणि आम्ही सुरतेहून थान मागवू लागलो.

अशी गावे त्या मुलखात एक नाही. प्रागच्या उत्तरेस याब्लोनेत्स आहे. काचेचे मणी आणि काचेच्या बांगड्या तेथून एके काळी पेट्या भरभरून हिंदुस्थानात येत. बांगड्यांचा धंदा करणाऱ्या आपल्या मणियार बंधूंना हे ठाऊक असावे. त्यांच्या मुलांना ठाऊक नाही, हे आम्ही विचारून पाहिले आहे. पूर्वेकडे झ्लिन आहे, म्हणजे बाटाचे गाव. बाटा ही कंपनी बंगालची, असे अजून आपल्यातील निम्मे लोक समजतात, कारण कोलकात्याजवळ बाटानगर आहे. मूळ कारखाना मात्र १८९४ मध्ये झ्लिनला टोमाश बाटा या चांभार घराण्यातील माणसाने काढला. आम्हाला त्याच्या कारखान्यापेक्षा त्याची शाळा जास्त महत्त्वाची वाटते. १९२५ मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेत चौदा वर्षांचा गरीब मुलगा दिवसा कारखान्यात काम करी, संध्याकाळी वर्गात बसे, वसतिगृहात राही. त्याला पगार मिळे, त्यातून आपला खर्च तो स्वतः भागवी आणि काही शिल्लक टाकणे सक्तीचे असे. शिस्त फार कडक होती, हेही खरे. पण चांभाराच्या मुलाला हिशेब आणि परदेशी भाषा शिकवून दूरदेशीच्या दुकानावर पाठवण्याची हिंमत त्या माणसात होती.

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही दुकानावर गिऱ्हाइकांकडून शिकलो. शाळेत डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव राष्ट्रपती म्हणून पाठ केले होते. ते १९२२ ते १९२६ बर्लिनमध्ये शिकत होते, आणि जर्मनीतील म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टायनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते. केर्शेनस्टायनर यांचे म्हणणे असे की मूल हाताने काम करता करता शिकते, आणि कारागिराच्या पोराची शाळा त्याच्या धंद्याला धरून असावी. म्युनिकमध्ये त्यांनी धंदेवार वर्ग काढले. आजही जर्मनी-ऑस्ट्रियात उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात पगारावर शिकतो आणि उरलेले एक-दोन दिवस शाळेत बसतो.

आणि झाकीरसाहेबांनी तो विचार कोठे आणला? आपल्या दारात. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, तिच्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. नई तालीमची योजना या समितीने लिहिली. वर्धा नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. सेवाग्राम आहे, १९३८ मध्ये सुरू झालेले मगन संग्रहालय आहे, तेथे चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारे पाहता येतात. जी मुले प्रागला निघाली आहेत त्यांच्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? ज्याने वर्धा पाहिले नाही, त्याने झ्लिन पाहून तुलना कशाशी करायची?

तीच गोष्ट एम्प्रेस मिलची. जमशेदजी टाटांनी नागपूरची गिरणी काढण्याआधी लँकेशायरला जाऊन तेथील सुताचा धंदा डोळ्यांनी पाहिला होता. शैक्षणिक सहल म्हणतात ती हीच. परत येऊन त्यांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून ती एम्प्रेस. नव्या पद्धतीच्या रिंग चात्या भारतात फार लवकर याच गिरणीत लावून पाहिल्या गेल्या. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटत. १९८६ मध्ये ती टाटांकडून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये कायमची बंद झाली. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. आमच्या पुतण्याला आम्ही विचारले, मॉलचे नाव एम्प्रेस का? तो म्हणाला, "चाचा, ब्रँड असेल एखादा."

पोलंडमध्ये वूच नावाचे शहर आहे. नकाशावर ते लोद्झ असे लिहिलेले दिसेल. १८२० च्या सुमारास तेथे हजार माणसेही नव्हती. कापडाच्या गिरण्या आल्या आणि पहिल्या महायुद्धापर्यंत वस्ती पाच लाखांच्या आसपास गेली. १९८९ नंतर रशियाचा बाजार तुटला, गिरण्या धडाधड बंद पडल्या, आणि कामावरून सुटलेल्यांत बायका फार होत्या. तेथेही पॉझ्नान्स्की यांच्या मोठ्या गिरणीत मॉल झाला, २००६ मध्ये. फरक एवढाच की लाल विटांच्या इमारती त्यांनी तशाच ठेवल्या, आत गिरणीचे छोटे संग्रहालय केले, आणि शहरातील दुसऱ्या एका जुन्या गिरणीत वस्त्रोद्योगाचे मोठे संग्रहालय आहे. नागपूरच्या विणकराच्या मुलीला दहा दिवसांत एकच जागा दाखवायची झाली तर आम्ही राजवाडा सोडून ही दाखवू. तिला कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

तेव्हा आमचे म्हणणे शाळेला कळवले आहे. बुडापेस्ट गाळा, बोटफेरी गाळा. प्राग, स्त्राकोनित्से, याब्लोनेत्स, झ्लिन, वूच आणि व्हिएन्ना, असा रस्ता धरा. सगळा मुलूख एकाच शेंगेन व्हिसात येतो. व्हिसाची फी २०२४ पासून बारा वर्षांवरील प्रत्येकास ९० युरो आहे. परंतु शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ती माफ करण्याची तरतूद शेंगेनच्या नियमांत आहे. व्हिसा केंद्राचा सेवाशुल्क वेगळा द्यावा लागतो. ही माफी मागायची तर सहलीचा हेतू शिक्षण आहे हे कार्यक्रमपत्रिकेवरून दिसले पाहिजे. 'खरेदीसाठी मोकळा वेळ' दाखवून ते कसे दिसणार?

दुसरी अडचण आमच्या कारागीर बंधूंची खास आहे. व्हिसासाठी पालकांचे बँक खाते आणि आयकर विवरणपत्र पाहतात. ज्याची मजुरी रोख हातात पडते त्याच्याकडे हे कागद कोठून येणार? आणि ती मजुरी रोख देणारे आम्हीच आहोत. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तोही विवरणपत्र भरणाऱ्यालाच परत मिळतो. न भरणाऱ्याचा पैसा अडकून राहतो. खर्च दुसरा कोणी उचलत असेल तर त्याचे हमीपत्र आणि त्याचे कागद लावता येतात, तेव्हा दुकानदाराने पुढे येऊन ते लावावेत. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, अल्पवयीन मुलासाठी आई-वडील दोघांची संमती लागते. खाण्याचे कारण सांगून मुलींना मागे ठेवणाऱ्या पालकांना सांगणे असे की व्हिएन्नात तुर्की आणि बोस्नियाई दुकाने भरपूर आहेत. झ्लिनला दोन दिवस अंडी, पाव आणि फळे खाऊन कोणी मरत नाही. सोबत शिक्षिका मात्र असलीच पाहिजे.

पैशाचे काय, हा प्रश्न राहतो. पावणेतीन लाख ही एका कारागिरासाठी उचल नव्हे, फास आहे, हे आमचे मत अजून तेच आहे. पण वीस दुकानांनी मिळून दोन मुलांचा खर्च उचलणे कठीण नाही. एका लग्नसराईत आपण पिशव्या आणि कॅलेंडरे छापण्यात किती घालवतो ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे. आमच्या आळीत आतापर्यंत अकरा जणांनी हो म्हटले आहे, चौघांनी "बघू" म्हटले आहे, आणि एकाने सरळ विचारले की कारागिराचे मूल युरोप पाहून आले तर मग आमच्या दुपट्ट्यांवर जरी कोण भरणार? त्यांना आम्ही तेथे उत्तर दिले नाही.

शाळेची बैठक येत्या रविवारी आहे. रस्ता बदलण्यास मुख्याध्यापक तयार दिसतात, पालकांपैकी काहींना बुडापेस्ट हवेच आहे. वर्ध्याची एक दिवसाची सहल त्याआधी सर्वांसाठी व्हावी, एवढे मात्र मान्य झाले आहे. ते कारागीर परवा तयार दुपट्टे घेऊन आले होते, तेव्हा आम्ही मुलीला बोलावून पासपोर्टचा अर्ज भरायला बसवले. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने लिहिले आहे, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. दुरुस्तीचा अर्ज सोमवारी दिला आहे.