खाणकचऱ्याची अनामत कोणत्या मापाने?

देवपुरातील घराघरांत फिरणाऱ्या पंख्यांच्या मोटारींत तांब्याची तार असते. तिची किंमत ग्राहकाने दुकानात चुकती केलेली असते. ती किंमत पुरी होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची, देशातील सर्वांत मोठी, तांब्याची खाण १९८२ पासून चालू आहे. तेथील शंभर किलो धातुकातून तांबे निघते ते सुमारे एक किलो. उरलेला जवळजवळ सगळा दगड भुकटीच्या रूपाने बांधाआड साठवला जातो. उकरून टाकलेल्या निरुपयोगी खडकाचे ढीग वेगळेच.

हा कचरा म्हणजे निरुपद्रवी मुरूम नव्हे. त्यात पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे संयुग, असते. (वैद्यांचे सुवर्णमाक्षिक याच कुळातले.) जमिनीखाली, हवेपासून दूर, ते युगानुयुगे स्वस्थ पडून राहते. परंतु दगड फोडून उघड्यावर टाकला की हवेतील प्राणवायू आणि पावसाचे पाणी यांच्या संयोगाने त्यापासून गंधकाम्ल तयार होते. सुटलेल्या लोहाचे आणखी ऑक्सिडीकरण झाले की तेच लोह उरलेल्या पायराइटचे विघटन करू लागते, आणि काही सूक्ष्मजंतू या साखळीचा वेग कित्येक पटींनी वाढवतात. अशा आम्लात तांबे, जस्त, कॅडमियम विरघळतात व पाण्याबरोबर वाहू लागतात. खडकात चुनखडीसारखी द्रव्ये असतील तर आम्ल जागच्या जागी मारले जाते; ती संपली की बाहेर पडते. म्हणूनच खाण नफ्यात असताना ओढा स्वच्छ आणि मालक निघून गेल्यावर तो तांबूस, असे घडू शकते.

मलाजखंडच्या परिसरात आम्लयुक्त निचऱ्याची नोंद संशोधकांनी केलेली आहे. तिथले पाणी बंजर नदीकडे जाते, बंजर मंडला येथे नर्मदेला मिळते, आणि नर्मदा शेकडो मैल पुढे नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. एवढ्यावरून खानदेशात विष येते असा कांगावा कोणी करू नये. वाटेत पाणी अफाट मिसळते. प्रश्न खाणीजवळच्या गावांचा आहे, आणि पैशाचा आहे.

खाण बंद झाल्यावरच्या कामासाठी कायदा हमीची रक्कम मागतो. २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत 'अ' वर्गाच्या खाणींसाठी ती दर हेक्टरी ३ लाख रुपये होती. २०२१ साली ती ५ लाख झाली. वाढ स्वागतार्ह खरी, पण माप चुकीचे आहे. आम्ल हेक्टरांवर ठरत नाही. ते कचऱ्याचे टन, त्यातील गंधक आणि त्याला मारणारी द्रव्ये यांवर ठरते. चुन्याच्या खाणीला आणि गंधकयुक्त तांब्याच्या खाणीला एकच दर लावणे म्हणजे गवताच्या गंजीला आणि फटाक्यांच्या गोदामाला सारखाच विमाहप्ता आकारणे होय.

कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन येथे खाणकाम १९६३ साली थांबले. १९८३ साली ती जागा शासनाच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत गेली, आणि २००० साली जुन्या मालकीच्या वारसदार कंपनीशी तडजोड होऊन पुढील ३० वर्षांच्या शुद्धीकरणाची तरतूद झाली. तेथील आम्ल अडीच ते तीन हजार वर्षे वाहत राहील असा तज्ज्ञांचा अंदाज आहे!

अनामत वाढविल्यास भांडवल अडकेल आणि तांबे महागेल, असा आक्षेप येईल. महागेलही. परंतु तो खर्च टळत नाही. आज तो खाणीच्या ताळेबंदात नाही, एवढेच. कचऱ्याची आम्लजनन क्षमता किती आणि आम्ल मारण्याची किती, हे प्रयोगशाळेत मोजता येते. त्या अहवालावर रक्कम ठरवावी, खाण चालू असतानाच ती दरवर्षी भरून घ्यावी, आणि कचरा पाण्याखाली अथवा मातीच्या जाड थराखाली झाकला गेला की तेवढी परत करावी. मलाजखंडचे उत्पादन वर्षाला २५ लाख टन धातुकावरून ५० लाख टनांवर नेण्याचा कंपनीचा संकल्प आहे. त्यातून निघणाऱ्या नव्या भुकटीचा पहिला बांध भरण्यापूर्वी हे माप बदलणे शक्य आहे.