रोणाची अळंबी आणि तिची तोतया बहीण



पावसाच्या चार सरींनंतर ऊन पडले की गोव्याच्या रानांतील वारुळांवर अळंबी उगवू लागतात. वारुळाला इकडे रोण म्हणतात. श्रावणात मासळी वर्ज्य करणाऱ्या आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही त्यांना मोठा मान असतो.

परवा मिस्सेनंतर एका माऊलीने पानात बांधलेली पांढरी अळंबी आम्हांला दाखविली. मुलाने ती शाळेच्या हिरवळीतून आणली होती. "फादर, आजच्या कालवणाची सोय झाली. रांधू ना?" असे तिने विचारले. घरात दुसरे काही नव्हते, हे आम्ही जाणत होतो. तरीही आम्ही म्हणालो, "बाई, एक रात्र थांबा." त्या दिवशीचे कालवण आमच्या स्वयंपाकघरातून गेले.

रोणाची अळंबी वारुळावरच उगवते, हिरवळीत नव्हे. टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो. दांड्याचे लांब मूळ खोल जमिनीत, वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत पोहोचते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कुळास 1942 साली टर्मिटोमायसेस हे नाव दिले. मुलाने आणलेल्या अळंबीस असे मूळ नव्हते. टोपीवर तपकिरी खवले होते व दांड्यावर कंकण होते.

आम्ही एक टोपी दांड्यापासून वेगळी करून, पापुद्रे खाली ठेवून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घातली आणि वर वाडगा झाकला. सकाळी कागदावर बीजुकांचा हिरवट ठसा उमटला होता. रोणाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी असतो. हिरवा ठसा उमटविणारी ही अळंबी खाल्ल्यास काही तासांतच भयंकर वांत्या व जुलाब होतात.

परंतु एका खुणेवर विसंबू नये. काही विषारी अळंबींचाही ठसा गुलाबी असतो. सर्व खुणा एकमुखाने साक्ष देतील तरच विश्वास ठेवावा. चांदीचा चमचा काळा पडतो, किडा विषारी अळंबीस शिवत नाही, या समजुती खोट्या आहेत. अमानिता कुळातील काही जाती प्राणघातक आहेत. त्यांचे पापुद्रे पांढरे असून दांड्याच्या तळाशी, मातीत लपलेली, पिशवी असते. म्हणून अळंबी वरून खुडून पारखू नये. त्यांचे विष शिजवूनही जात नाही. त्रास बहुधा सहा तासांनंतर सुरू होतो, मध्यंतरी बरे वाटते आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असते. शंका येताच, लाज न बाळगता, उरलेली अळंबी घेऊन इस्पितळ गाठावे.

मेंढराच्या वेषात येणाऱ्यांविषयी प्रभूने आपणांस सावध केले आहे. पारख करणे म्हणजे देवाच्या दानाचा अव्हेर नव्हे.

तो मुलगा आता आपल्या आजोबांबरोबर रानात जातो. रोण खणायचे नाही आणि काही अळंबी तिथेच राहू द्यायची, हेही तो त्यांच्याकडून शिकला आहे.