वेदनेचे औषध, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाचवे शील

अफूपासून किंवा अफूच्या धर्तीवर तयार केलेली वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना दुकानांत मिळावीत की मिळू नयेत, हा प्रश्न केवळ वैद्यांचा आणि सरकारचा नाही. तो आपल्या घराघरांतला प्रश्न आहे. मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही त्या औषधांची नावे. कर्करोगाने जर्जर झालेल्या माणसाला रात्रीची झोप देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे. आणि धडधाकट तरुणाला व्यसनाच्या खाईत लोटण्याचे सामर्थ्यही त्यांच्यातच आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊन चालणार नाही.

या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, खेड्यातल्या गरिबाला डॉक्टर मिळत नाही आणि मिळालाच तर त्याची फी परवडत नाही. तेव्हा चिठ्ठीची अटच काढून टाका. दुसरा पक्ष म्हणतो, आम्ही पंचशील ग्रहण केले आहे, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा केली आहे. अफूचा अंश घरात आला की शील मोडले. पहिल्याच्या मुखी गरिबाचा कळवळा आहे, दुसऱ्याच्या मुखी धम्माचा अभिमान आहे. तरीही ही दोन्ही मते आम्हांस मान्य नाहीत.

प्रथम शीलाचा विचार करू. पाचवे शील हे प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे शील आहे. यात प्रमाद हा शब्द महत्त्वाचा होय. विनयपिटकातील महावग्गात पिलिंदवच्छ या भिक्षूची हकीकत आली आहे. त्यांना वाताची व्याधी जडली. वैद्यांनी तेल कढवून घेण्यास सांगितले व त्या तेलात मद्य घालणे आवश्यक होते. तथागतांनी तशी अनुज्ञा दिली. पुढे काही उच्छृंखल भिक्षूंनी या सवलतीचा फायदा घेऊन तेलात बेसुमार मद्य घातले आणि ते पिऊन ते धुंद झाले. तेव्हा तथागतांनी काय केले? त्यांनी औषध बंद केले नाही. ज्याला वाटेल त्याने वाटेल तितके घ्यावे, असेही म्हटले नाही. मद्याचा रंग, वास व चव येणार नाही इतकेच प्रमाण असावे, अशी मर्यादा त्यांनी घालून दिली. आणि ज्या तेलात आधीच अधिक मद्य पडले होते, ते अंगाला चोळण्यासाठी ठेवावयास सांगितले. रोग्याचे औषध चालू राहिले आणि नशेचा मार्ग बंद झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे प्रयोजन याहून निराळे आहे काय?

परमपूज्य बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या हातून आकाराला आलेल्या संविधानातही हाच विवेक दिसतो. अनुच्छेद ४७ राज्याला मादक पेये व आरोग्यास अपायकारक अशी अमली द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी झटावयास सांगतो. परंतु औषधी उपयोगाचा अपवाद त्याच वाक्यात करून ठेवतो. तेव्हा वैद्याच्या देखरेखीखाली वेदनेसाठी मॉर्फीन घेणारा उपासक ना धम्माचा अपराधी आहे, ना संविधानाचा.

मात्र हा अपवाद प्रत्यक्षात कसा विसरला गेला, हे पाहण्यासारखे आहे. १९८५ साली गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीचा कडक कायदा झाला. त्यातील शिक्षांच्या धाकाने आणि परवान्यांच्या जंजाळाने रुग्णालयांनी व दुकानदारांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. १९९७ साली साऱ्या देशातील मॉर्फीनचा वापर सुमारे १८ किलोवर आला. बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घट झाली. याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारच्या परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. शेत आपले, कारखाना आपला आणि तळमळणारा रोगी मात्र औषधावाचून! २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीनसह सहा आवश्यक औषधांसाठी देशभर एकच सोपी पद्धत ठरली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवता येऊ लागली. तरीही २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने काढलेल्या हिशेबात भारताची गरज अवघी चार टक्के भागत असल्याचे दिसले.

मग चिठ्ठीची अट काढली तर ही तूट भरून निघेल काय? मुळीच नाही. या औषधांना शरीर सरावते. पहिली मात्रा पुरेनाशी होते, माणूस ती वाढवीत जातो आणि मात्रा अतिरेकी झाली की श्वास मंदावून थांबतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असली तर धोका कितीतरी वाढतो. सौम्य कोडीनच्या गोळ्या काही देशांत चिठ्ठीविना मिळत असत. फ्रान्सने २०१७ साली आणि ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून ती मोकळीक बंद केली. वैद्यकाची सोय आपल्याहून कितीतरी अधिक असलेल्या राष्ट्रांना जे पेलले नाही, ते आपल्या वस्त्यांना पेलेल, असे कोणी समजू नये.

चिठ्ठी असली म्हणजे सारे काही सुरक्षित, असेही मात्र नाही. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकाँटिन ही गोळी बाजारात आली. ती चिठ्ठीवरच मिळत होती. परंतु पर्ड्यू या कंपनीने व्यसनाचा धोका कमी असल्याचे भासवून डॉक्टरांकडून भरमसाट चिठ्ठ्या लिहवून घेतल्या. तिच्यावर खटले झाले. २००७ आणि २०२० साली तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पुढे लोक गोळ्यांवरून हेरॉइनकडे आणि चोरट्या फेंटानिलकडे वळले. २०२२ या एका वर्षात त्या देशात अशा द्रव्यांपायी सुमारे ८० हजार माणसे मेली. तात्पर्य, चिठ्ठी लिहिणारा हात नफ्याला बांधलेला असेल, तर तीच चिठ्ठी घातक ठरते.

आपल्याकडे कायद्याची कमतरता नाही. मार्च २०१४ पासून कोडीन, ट्रॅमाडॉल अशा औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराने ठेवावी, असा नियम आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल १९८५ च्या कायद्याखालीही आणले गेले. असे असूनही पुष्कळ ठिकाणी खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाची बाटली चिठ्ठी न विचारता तरुणांच्या हाती पडते. मागच्या दाराने नशा मिळते आणि पुढच्या दाराने औषध मिळत नाही, ही आजची खरी अवस्था आहे. चिठ्ठीची अट उठविली तर मागचे दार सताड उघडेल. पुढचे दार बंदच राहील. कारण ज्या तालुक्यात मॉर्फीन ठेवणारी संस्थाच नाही, तेथे अट काढली काय आणि ठेवली काय, रोग्याच्या पदरी काहीच पडत नाही.

नवदीक्षित कुटुंबांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. जुन्या धर्माने आपल्याला दुःख सोसावयास शिकविले. ते मागील जन्मीचे भोग आहेत, असे सांगून आपली तोंडे बंद केली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ती कल्पना नाकारली. दुःख आहे म्हणून ते सोसत राहा, असे धम्म सांगत नाही. दुःखाचे निवारण करता येते, असे सांगतो. तरीही घरातील वृद्ध आई वेदनेने कण्हत असता ‘भोग आहेत तिचे’ असे उद्गार अजून कानी पडतात. देव्हारा घराबाहेर गेला, पण हा शब्द घरात राहिला. तोही आता बाहेर गेला पाहिजे.

घरात असे औषध आले तर ते कुलुपात ठेवावे. एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, तशीच एकाएकी बंदही करू नये. बद्धकोष्ठ होते, त्याचे औषध डॉक्टरांकडून सोबतच मागून घ्यावे. आणि रोग्याला ‘नशा करतो’ असे कोणी चुकूनही म्हणू नये.

आता मागणी कोणती करावी? चिठ्ठी नको, ही मागणी आपली नव्हे. चिठ्ठी लिहिणारा शिकलेला डॉक्टर आणि ती चिठ्ठी वटविणारे सरकारी रुग्णालय आमच्या जिल्ह्यात हवे, ही आपली मागणी असावी. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली काही डॉक्टरांनी वेदनाग्रस्तांच्या सेवेचे काम सुरू केले. गावोगावचे साधे स्त्रीपुरुष त्यात स्वयंसेवक झाले, घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करू लागले आणि २००८ साली त्या राज्याने या सेवेचे धोरण जाहीर केले. आपल्याकडे विहारे आहेत, महिला मंडळे आहेत, तरुण आहेत. प्रत्येक विहाराच्या समितीने आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन दोन प्रश्न लेखी विचारावेत: येथे मॉर्फीनच्या गोळ्या ठेवल्या जातात काय? नसल्यास त्या केव्हापासून ठेवणार? उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे. आजाऱ्याची सेवा म्हणजे माझीच सेवा, असे तथागतांनी भिक्षूंना सांगितले होते. ती सेवा आज आपल्याला रुग्णाच्या उशाशी बसून करावयाची आहे, आणि रुग्णालयाच्या कचेरीत अर्ज देऊनही करावयाची आहे.