सही करणारी ताई

आपल्यापैकी अनेकजणी आज संस्थांत समन्वयक आहेत, प्रकल्प-प्रमुख आहेत. पण स्वतःला मॅनेजर कोणीच म्हणवून घेत नाही. मीही घेत नव्हते. एम.एस.डब्ल्यू.ला समाजकल्याण प्रशासनाचा पेपर होता, तो आम्ही परीक्षेपुरता वाचला. मन सगळे वस्तीत होते. ज्याच्या केबिनवर मोर्चा न्यायचा तो मॅनेजर, एवढीच आमची समजूत होती.

पुढे मीच केबिनमध्ये बसू लागले. (केबिन कसली, कपाटाचा आडोसा!) तरी कार्यकर्त्या आत येण्याआधी दारात थांबायला लागल्या, आणि हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

दोन वर्षांपूर्वी आमची वस्तीपातळीवरची एक कार्यकर्ती बाळंतपणाच्या रजेचे विचारायला आली. करार अकरा महिन्यांचा, पगार नव्हे 'मानधन', आणि अंदाजपत्रकात रजेसाठी तरतूद नाही. मी म्हटले, "अगं, हे माझ्या हातात नाही गं, देणगीदारांचे नियम आहेत." ती म्हणाली, "मग कोणाच्या हातात आहे ते सांगा ताई, त्यांच्याकडे जाते." मला नाव सांगता येईना. तिच्या करारावर सही माझीच होती.

शेवटी आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून तिला दोन महिन्यांचे पैसे दिले. तिने ते घेतले, आभारही मानले. तिने हक्क मागितला होता आणि आम्ही तिला मदत दिली, ही गोष्ट मला अजून टोचते.

आणि आम्हांला माहीत नव्हते असेही नाही. 2017 साली पहिल्या दोन बाळंतपणांची रजा 12 वरून 26 आठवडे झाली, हे आम्हीच शिबिरांत सांगतो. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितले. कराराची मुदत संपली म्हणून लाभ थांबत नाही, हे 2023 साली सांगितले. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तर कामाच्या जागेचे व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्याकडे, तो 'नियोक्ता' अशी व्याख्याच आहे. म्हणजे मी! ज्या विशाखा निकालातून (1997) हा कायदा आला, त्यामागची भंवरी देवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होती. तिलाही मानधनच मिळे. साथिन काय, ताई काय, नाव जिव्हाळ्याचे दिले की मालक कोण हे विचारणे अवघड होते.

पैशांची अडचण खोटी नाही. 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, एका संस्थेने दुसरीला तो निधी देणे बंद झाले. छोट्या संस्थांचे कंबरडे मोडले. पण ते अंदाजपत्रक लिहिले कोणी? मुदतीच्या आदल्या रात्री जागून मीच. प्रवासाचा रकाना होता, प्रशिक्षणाचा होता, बॅनरचासुद्धा होता.

आमच्या काही ज्येष्ठ मैत्रिणी म्हणतात, मॅनेजर हा शब्द आला की संस्थेची कंपनी होते, चळवळ संपते. त्यांची भीती मी समजू शकते. तक्ते आणि अहवाल भरता भरता वस्तीत जाणे कसे सुटते, ते मी अनुभवते आहे. पण उतरंड आपल्याकडे आधीपासूनच आहे. मी ती नाकारली तर माझा अधिकार काही कमी होत नाही, फक्त कार्यकर्तीला भांडायला समोर कोणी उरत नाही.

यंदा करारातला 'मानधन' शब्द खोडून 'वेतन' लिहिले आहे. बाळंतपणाच्या रजेचा रकाना अंदाजपत्रकात घातला, देणगीदारांनी तो कापून परत पाठवला. मी तो पुन्हा घालून पाठवला आहे, खाली पदनामासह सही करून. उत्तर अजून यायचे आहे.