टॅरंटुलाच्या पेटीखाली हीट मॅट नको





डिसेंबर उजाडला की बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरमधल्या टॅरंटुला कोळी पाळणाऱ्या पोरांचे मला फोन यायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो : "काका, थंडी वाढलीय, पेटीखाली हीट मॅट लावू का?" एकेकाला फोनवर सांगून हे पुरं पडत नाही, म्हणून हे पत्र. पेटीखाली मॅट लावू नका. आणि थर्मोस्टॅट नसेल तर कुठेच लावू नका.

मी हे एक जीव गमावून शिकलो. माझ्याकडे मेक्सिकन रेड-नी जातीची मादी होती, नऊ वर्षांची. या जातीची मादी वीस-पंचवीस वर्षं जगते, म्हणजे तिचं निम्मं आयुष्यही झालं नव्हतं. जानेवारीत थंडीची लाट आली आणि मी घाबरलो. दुकानात विचारलं तर "खाली मॅट, वर लाल बल्ब" असं सांगितलं. दोन्ही आणलं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. कारखान्यात थर्मोस्टॅटशिवाय हीटर चालू करायला मी कुणाला देणार नाही. घरी मात्र मॅटची पिन सरळ बोर्डात खोचली आणि झोपलो. सकाळी ती बिळाच्या तळाशी होती, आठही पाय पोटाखाली आवळलेले. कोकोपीटमध्ये तळापर्यंत थर्मामीटर घातला, तो ४१ अंश दाखवत होता. दोन दिवसांनी ती गेली.

ती तळाशीच का गेली, हे समजून घेतलं तर बाकीचं आपोआप कळतं. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या कोळ्याला ऊन वरून येतं आणि गारवा खाली असतो, एवढंच निसर्गाने शिकवलेलं आहे. तापलं की तो खाली उतरतो. आपण मॅट तळाला लावली की तो गारवा शोधत थेट तव्यावर जातो. त्यात कोकोपीट उष्णता धरून ठेवतं. वरची माती हाताला कोमट लागते आणि तळ भाजत असतो. मालकाला काही कळत नाही. शिवाय काचेच्या पेटीखाली मॅट दाबली गेली, खालून हवा खेळायला जागा उरली नाही, तर काच तडकण्याचीही भीती असते.

दुसरं मरण पाण्याअभावी. कोळ्याला पाय दुमडायला स्नायू असतात, पण पायांचे मोठे सांधे सरळ करायचे तर तो अंगातल्या द्रवाच्या दाबावर करतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो तसं. अंगातलं पाणी कमी झालं की हा दाब पडतो आणि पाय आत वळतात. त्याची फुप्फुसं वहीच्या पानांसारखी घडीघडीची असतात आणि बल्बच्या कोरड्या झळेत तिथूनही ओल उडत राहते. बरं, हा निशाचर प्राणी. त्याला उजेडाची गरज नाही, उलट त्रासच आहे. त्यामुळे बल्ब हा प्रकार पेटीच्या आसपासही नको. पाय आवळलेला कोळी दिसला की लोक "गारठला" म्हणून आणखी आच देतात, तेव्हा त्याला खरी गरज उथळ वाटीभर पाण्याची असते. आणि पाठीवर पडलेला दिसला तर हातही लावू नका. तो बहुतेक वेळा कात टाकत असतो.

यावर मुलं म्हणतात, "काका, हे उष्ण देशातले प्राणी, यांना २८ अंश पाहिजेतच." हा आकडा युरोप-अमेरिकेतल्या लोकांचा. त्यांच्याकडे बाहेर बर्फ पडतं, तिथे गरम करण्यावाचून इलाज नाही. आपल्याकडे काय आहे? बदलापूर समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत, त्यामुळे मुंबईत गुलाबी थंडी असते तेव्हा इथे रात्रीचा पारा कधी अकरा-बारा अंशांपर्यंत उतरतो. पण तो बाहेरचा पारा. खिडक्या लावलेल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पेटीच्या शेजारी ठेवलेला थर्मामीटर सगळ्या हिवाळ्यात १९ च्या खाली गेलेला मी पाहिलेला नाही. बहुतेक पाळीव टॅरंटुलांना २२ ते २८ अंश मानवतात आणि मोठ्या कोळ्याला चार रात्री १९ अंशांत काढाव्या लागल्या तर तो फक्त सुस्तावतो, खाणं कमी करतो. त्याने मरत नाही. आपल्याच सह्याद्रीतले टॅरंटुला, पोसिलोथेरिया रेगॅलिस झाडाच्या ढोलीत आणि किलोब्रॅकिस जमिनीतल्या बिळात, अख्खी थंडी काढतात. त्यांना कुणी मॅट लावलेली नसते.

म्हणजे ऊब कधीच द्यायची नाही का? तसं म्हणणं नाही. पत्र्याच्या घरात, उघड्यावरच्या चाळीत, किंवा पिल्लं अगदी लहान असतील तर गरज पडू शकते. तेव्हाही आधी पेटी खिडकीपासून दूर न्या, फरशीवरून उचला, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा, रात्री थर्माकोलच्या खोक्यात घाला. हवेला भोकं ठेवा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर कमी वॅटची मॅट पेटीच्या एका बाजूला, बाहेरून, तीही एक-तृतीयांश भागालाच. म्हणजे दुसरी बाजू गार राहते आणि कुठे बसायचं ते कोळी स्वतः ठरवतो. थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे, आणि त्याचा सेन्सर खोलीत लोंबता नको, मॅटच्या बाजूला काचेच्या आतून, कोळी जिथे बसू शकतो तिथे हवा. २६ वर लावून एक दिवस पेटी रिकामी चालवून बघा, मग प्राणी ठेवा. पेटीत पाणी शिंपडतो आपण, म्हणून वायर आणि जोड ओलाव्यापासून दूर, आणि घरात करंट गळताच वीज तोडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी असलाच पाहिजे. एका एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रीज, फिश टँक आणि तीन मॅट लावलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे कोळ्याच्या आधी घराची काळजी वाटते.

आणि हिवाळ्याची एवढी धास्ती घेणाऱ्यांनी एप्रिल-मे आठवावा. आपल्या पट्ट्यात तेव्हा पारा चाळीसच्या वर जातो, दुपारी वीज गेली आणि घर बंद असलं की खोलीची भट्टी होते. डिसेंबरमध्ये सगळे फोन करतात, मे महिन्यात एकही येत नाही. आमच्या भागातले कोळी उन्हाळ्यातच जास्त दगावतात, असं मी इतक्या वर्षांत पाहत आलोय. तेव्हा पेटी सावलीच्या, गार कोपऱ्यात हलवा आणि पाण्याची वाटी रोज पाहा.

एक गोष्ट या निमित्ताने सांगायलाच हवी. पावसाळ्यात मलंगगड किंवा बारवीच्या रानात दिसला म्हणून कोळी डबीत भरून आणू नका. पोसिलोथेरियाच्या सगळ्या प्रजाती २०१९ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, मेक्सिकन रेड-नी तर त्याच्या कितीतरी आधीपासून. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइट्सची यादी आली आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद बंधनकारक झाली. माझ्या मादीची नोंद होती. दुकानदाराकडे कागद नसेल तर प्राणी घेऊ नका.

दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. कोळ्यासाठी मॅट मागायला पोरगा आला तर आधी त्याला शे-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर द्या आणि आठवडाभर आकडे लिहून आणायला सांगा. आकडे पाहून मॅट लागतेच असं दिसलं तर थर्मोस्टॅटसकट विका, नाहीतर विकू नका. आणि पालकांनो, मुलगा पेटी घेऊन आला की त्याच रात्री त्याच्यासोबत बसून मॅटची पिन कुठे जाते ते बघा.

आपला,
एक वाचक, बदलापूर (पूर्व)