‘लय इचार नको करू’ म्हणण्याआधी

सोयाबीन भिजलं, हप्ता थकला, झोप उडाली की बुलढाणा जिल्ह्यात घरचे आणि पारावरचे एकच सांगतात: ‘लय इचार नको करू.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला, पण सल्ला निरुपयोगी. पेरणीआधी कोणतं बियाणं घ्यायचं याचा विचार माणूस करतो. रात्री दोनला डोक्यात घोळणारा विचार त्याच्याकडे न बोलावता येतो. तो ‘करू नको’ म्हटल्याने थांबत नाही. उलट, एवढंही आपल्याला जमत नाही, ही खंत वाढते.

‘मन निर्विचार कर’ असं सांगून या सल्ल्याला अध्यात्माचा टेकू देतात. शेगावसारखं तीर्थक्षेत्र ज्या जिल्ह्यात आहे तिथे ते साहजिकच. पण पतंजलींच्या अष्टांगयोगात समाधी शेवटी येते. सुरुवात यम-नियमांपासून होते. खचलेल्या माणसाने थेट शेवटची पायरी गाठावी, ही अपेक्षा योगशास्त्राचीही नाही. रामदासांनी तर मनाला गप्प न बसवता २०५ श्लोकांत त्याची समजूत घातली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्यातल्या रुग्णांना आपोआप उमटणारे विचार पकडून पुराव्यावर तपासायला शिकवलं. एकाचं ध्येय भक्ती, दुसऱ्याचं उपचार. तेव्हा ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ म्हणण्याची हौस आवरलेली बरी. पण मनाशी बोलावं लागतं, हे दोघांनीही ओळखलं.

कुणी म्हणेल, कर्ज खरं आहे, ते विचार तपासून फिटतं का? नाही फिटत. भाव आणि पीकविमा हे प्रश्न सरकारचेच आहेत, त्यांची जबाबदारी शेतकऱ्याच्या मनावर ढकलू नये. मात्र ‘दोन लाख देणं आहे’ ही वस्तुस्थिती आहे आणि ‘मी घरावर ओझं आहे’ हा निष्कर्ष आहे. जीव घेतो तो निष्कर्ष, आणि तो घरातल्या माणसांना विचारून खोटा ठरवता येतो. दुसरा आक्षेप श्रद्धेचा. मनोरुग्णांना सैलानीच्या दर्ग्यात नेणारी कुटुंबं वेडी नव्हेत; तिथे त्यांना माणसं भेटतात, धीर मिळतो. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात प्रार्थनेसोबत डॉक्टरही बसवले गेले, म्हणजे दुवा आणि दवा एकत्र चालू शकतात. साखळी मात्र चालणार नाही; २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘काय इचार येते तुला?’ असं विचारा आणि मधे न बोलता ऐका. मरणाची भाषा निघाली तर त्या माणसाला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो.